उत्तर: अहवालांपलीकडे काय?

'थिंक टँक (धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्था) फक्त अहवाल छापतात' हे मत वीजदरांबाबत तरी पटत नाही. वीज कायदा २००३, कलम ६४: वीज कंपनीची दरवाढीची याचिका आल्यावर लोकांच्या हरकती विचारात घेऊन वीज नियामक आयोगाने १२० दिवसांत आदेश द्यायचा. कलम ९४(३) नुसार आयोगाला सुनावणीत ग्राहकांची बाजू मांडणारा ग्राहक प्रतिनिधी नेमता येतो. पुण्याच्या 'प्रयास' या अशाच संस्थेला महाराष्ट्रात ती मान्यता मिळालेली आहे.

खरी मेख याचिकेतल्या आकड्यांत असते. मीटर नसलेल्या शेतीपंपांचा वापर अंदाजाने धरतात. तो फुगवला की गळती (वाटेत वाया गेलेली किंवा चोरीला गेलेली वीज) आपोआप कमी दिसते! म्हणून नुसतं 'दरवाढ नको' लिहिलेली हरकत सहसा वाया जाते. याचिकेतला तक्ता, पान क्रमांक आणि आपलं पर्यायी गणित द्या, मग आयोगाला आदेशात त्यावर काहीतरी लिहावंच लागतं.