नालीची तक्रार निकाली निघाली म्हणे

जुने सेक्रेटरी काका (सध्या पुण्यात): नमस्कार मंडळी. महापालिकेच्या ॲपवरून मेसेज आला, गेटसमोरच्या नालीची तक्रार निकाली निघाली. सर्वांचे अभिनंदन 💐🙏

ए-302 वहिनी: काका कुठली निकाली, मी आत्ता गॅलरीतच उभी आहे, पाणी तसंच रोडवर यायलंय आन् पोरं विटांवर पाय देत देत स्कूलबसकडं चाललीत

सी-101: फोटो टाका वहिनी

ए-302 वहिनी: (फोटो)

बी-204 भाऊ: क्लोज करताना त्यांनी कुठला फोटो लावलाय ते बघा आधी. कचऱ्याच्या तक्रारीला मागच्या टायमाला दुसऱ्याच गल्लीचा झाडलेला रोड लावला होता 😂

सी-402: भाऊ ॲप वाईट नाही हो, तक्रार फक्त आपल्याला आन् महापालिकेच्या त्या जेईला (ज्युनिअर इंजिनिअरला) दिसती तिथं घोळ आहे. इंग्लंडमध्ये 2007 पासून फिक्समायस्ट्रीट नावाची साइट चालू आहे, सरकारनं नाही एका संस्थेनं काढलेली, नकाशावर खड्डा दाखवायचा की तक्रार त्या भागाच्या कौन्सिलला जाती पण साइटवर सगळ्या गावाला दिसती आन् चार आठवड्यांनी तक्रार करणाऱ्यालाच विचारतात की झालं का काम. आपल्याकडं ज्यानं काम करायचं तोच क्लोजचं बटन दाबायलाय

बी-204 भाऊ: सगळ्यांना दिसलं तर आकडा खराब होईल ना त्यांचा. स्वच्छतेचं सर्वेक्षण आलं की घंटागाडीवाला पण म्हणतो ॲप घ्या, चांगला फीडबॅक द्या

ए-101 सर: लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे, मुदतीत काम नाही झालं तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रु. दंड. टाका अर्ज.

ए-504 वकील ताई: सर तो कायदा यादीत असलेल्या सेवांना लागतो, जन्मदाखला, नळजोडणी असलं. नाली तुंबली ही तक्रार झाली, सेवा नाही. आपले सरकार पोर्टलवर टाकता येईल, 26 जानेवारी 2015 ला सुरू झालंय, 21 कामाच्या दिवसांत निपटारा करायचा असतो. उत्तर बरेचदा 'संबंधितांना कळविले' एवढंच येतं ते सोडा, पण नंबर पडतो, पुढं कामाला येतो

ए-101 सर: बरं. 👍

जुने सेक्रेटरी काका (सध्या पुण्यात): इथं पुण्यात 2006 पासून महापालिका बजेटच्या आधी लोकांकडून कामं मागवते. आता फॉर्म ऑनलाइन पण भरता येतो. मुलानं फूटपाथसाठी भरलाय, बघू.

ए-302 वहिनी: हे बघा, आधी विचारायचं!! आपल्याला कुणी विचारलं होतं का? चांगल्या रोडवर पेव्हर ब्लॉक बसवले, नालीची झाकणं त्याच्याखाली गेली, तेव्हापासून तुंबायली. पैसे खर्च झाल्यावर आता तक्रार करा म्हणायलेत ॲपवर

सी-402: स्पेनमध्ये माद्रिदच्या महापालिकेनं 2015 ला पोर्टल काढलं, 2017 च्या बजेटमधले 6 कोटी युरो कुठं लावायचे ते लोकांनी ऑनलाइन ठरवायचं. त्याशिवाय कुणी पण सूचना टाकू शकतो, 1 टक्का लोकांचा पाठिंबा मिळाला की मतदान. पण तिथं पण सगळं गोड नाही, हजारो सूचना आल्या आन् फेब्रुवारी 2017 च्या मतदानापर्यंत दोनच पोचल्या

बी-204 भाऊ: दोन तर दोन. आपल्याकडं तर माझा लाइनमनच माद्रिद आहे 😄 रात्री अकराला व्हॉइस नोट टाकतो 'उद्या पाच वाजता पाणी सोडायलो', आठ दिवसांतून एकदा का होईना, पण खरं निघतं. वेबसाइटवरचं वेळापत्रक कोण बघायलंय

सी-101: खरंय. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हा माझी बहीण तिथंच होती. ती म्हणती टँकर कुठल्या गल्लीत आलाय ते पण ग्रुपवरच कळायचं

ए-302 वहिनी: आमच्या मावशी मागच्या वस्तीत राहतात, त्यांच्याकडं नाली सरळ घरात येती. साधा फोन आहे, ॲप कुठलं बसणार. म्हणजे ऑफिसातल्या कम्प्युटरवर आपल्याच गेटवर घाण दिसत असणार आन् त्यांची गल्ली एकदम चकाचक

सी-402: वहिनी हेच अमेरिकेत बोस्टनला झालं होतं. ॲप टाकलं की गाडीतल्या फोनलाच खड्ड्याचा धक्का कळायचा आन् आपोआप महापालिकेला जायचा. पण फोन आन् गाड्या ज्यांच्याकडं त्यांच्याच भागातले खड्डे जास्त दिसणार, गरीब वस्त्या राहून जाणार अशी बोंब झाली

ए-504 वकील ताई: मग मावशींच्या गल्लीची तक्रार आपण टाकू की. वहिनी, लोकेशन मात्र तिथं उभं राहूनच घ्या, नाहीतर परत आपल्या गेटचीच समजतील

ए-302 वहिनी: दुपारी जाते त्यांच्याबरोबर. ती नवी माझ्या नंबरवरून टाकते, आन् आपली जुनी रीओपन कोण करणार?

सी-101: ती काकांच्या नंबरवरून रजिस्टर आहे ना, त्यांच्याशिवाय लॉगिनच होणार नाही

सी-402: मी करायलोय आत्ता. काका तुम्हाला ओटीपी येईल बघा

जुने सेक्रेटरी काका (सध्या पुण्यात): आला. सहा आकडी आहे. टाकू का इथं?

ए-504 वकील ताई: काका ग्रुपवर नको!!

जुने सेक्रेटरी काका (सध्या पुण्यात): (हा मेसेज डिलीट केला आहे)

सी-402: दिसला होता काका, पण टाइम संपला. परत पाठवतो, ह्या वेळेला फोनच लावा मला