सोब्रिके : टोपणनाव की बिरुद?

प्रश्न : त्रिनिदादच्या कॅलिप्सो गायकांवर (कॅलिप्सो म्हणजे तिथल्या कार्निव्हलमधली गाणी) टिपण लिहिते आहे. तिथला गायक गायला लागला की नवं नाव लावतो, त्याला ते लोक 'सोब्रिके' म्हणतात. ऑल्डविन रॉबर्ट्स झाले लॉर्ड किचनर, रेमंड केव्हेडो झाले अटिला द हूण, सेसिल अँडरसन झाले ड्यूक ऑफ आयर्न. मी 'टोपणनाव' लिहिलंय, पण प्रत्येक वेळी वाचताना खटकतं. दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद : खटकतं ते बरोबरच आहे. टोपण म्हणजे झाकण. टोपणनावाने लिहिणारा आपलं खरं नाव त्याखाली ठेवतो. कॅलिप्सोत झाकण्यासारखं काही नाही. केव्हेडो 1950 साली त्रिनिदादच्या विधिमंडळावर निवडून गेले, तेव्हा अटिला म्हणजे तेच हे काही गुपित नव्हतं.

'पदवी' आणि 'किताब'ही चालणार नाहीत, कारण ते वरच्याने खालच्याला द्यायचे असतात. (जाता जाता: हा 'किताब' मुळात अरबी 'खिताब', म्हणजे संबोधन. पुस्तकवाल्या 'किताब'शी त्याचा संबंध नाही. मराठीत येताना दोघांचा उच्चार एक झाला.)

मी 'बिरुद' वापरेन. बिरुद मिरवायचं असतं, आणि कॅलिप्सो हे कार्निव्हलचं, मिरवण्याचंच गाणं आहे. राजाची बिरुदावली भाट गातो. इथे भाट आणि राजा एकच. ज्युलियन व्हाइटरोझ यांचं गाणं 1914 साली ध्वनिमुद्रित झालं, त्यात ते स्वतःच्याच 'आयर्न ड्यूक' या नावाचा डंका पिटतात.

दुसरा प्रतिसाद : 'बिरुद' अर्ध्यालाच लागू पडतं. बिरुद माणसाच्या नावाला जोडलं जातं, त्याचं नाव पुसत नाही. 'लॉर्ड किचनर'मध्ये लॉर्ड हे बिरुद म्हणता येईल, पण किचनर हे तर दुसऱ्याचं आख्खं नाव! शिवाय ते रॉबर्ट्सनी स्वतः घेतलेलं नाही. ग्राउलिंग टायगर या ज्येष्ठ गायकाने त्यांना ते दिलं. मग मिरवण्याआधी देणंही आलंच की.

पहिल्याचं उत्तर : मान्य. दोन तुकडे वेगळे करू या.

पहिला तुकडा, उमरावी शब्दांचा. 'ड्यूक' लॅटिन 'दुक्स'वरून आला, म्हणजे पुढारी, सेनानी. 'काउंट' 'कोमेस'वरून, म्हणजे राजाच्या सोबतचा. 'लॉर्ड' मात्र जुन्या इंग्रजीतला 'पाव राखणारा'. आपल्या 'अन्नदाता'च्या जवळचा. तो एकच एक दर्जा नाही, बॅरनपासून मार्क्विसपर्यंत सगळ्यांना लॉर्ड म्हणतात. ज्या बेटावर 1830च्या दशकापर्यंत उसाच्या मळ्यांत गुलाम राबत होते, तिथल्या गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी हा शब्द स्वतःला लावला, हे मला फार मोठं वाटतं. कॅलिप्सोत गायकांची शाब्दिक झुंज होते, तिला 'पिकाँग' म्हणतात. त्या झुंजीत प्रतिस्पर्ध्याला तुमची टर उडवायची तरी तुम्हाला आधी 'लॉर्ड' म्हणावं लागतं!

दुसरा तुकडा, उसन्या नावाचा. मूळ किचनर म्हणजे 1898 साली सुदानात ओमदुर्मानची लढाई जिंकणारे ब्रिटिश सेनापती. 1916 साली युद्धनौका बुडून ते वारले. गायक किचनर जन्मले 1922 साली, अरिमा गावात. आणि 1948च्या जूनमध्ये 'एम्पायर विंडरश' जहाजातून लंडनजवळच्या टिलबरी बंदरावर लॉर्ड किचनर नावाचा एक कृष्णवर्णीय गायक उतरला! साम्राज्याच्या सेनापतीचं नाव साम्राज्याच्या राजधानीकडे परत आलं ते असं. पण याला निव्वळ साम्राज्याची नक्कल म्हणू नका. अटिला तर रोमन साम्राज्याला धडकी भरवणारा, 453 साली मेलेला हूणांचा राजा. ज्याच्या नावाचा दरारा, त्याचं नाव घ्यायचं; मग तो साम्राज्याच्या कोणत्याही बाजूचा असो.

प्रश्नकर्ती : मग 'लाटसाहेब किचनर' कसं वाटेल? लाट हा लॉर्डच ना?

पहिल्याचं उत्तर : शब्द तोच, पण कृपा करून नको. 'स्वतःला मोठा लाटसाहेब समजतो' यात मराठीने त्या शब्दाची हवा काढून घेतली आहे. गायकाने हवा भरलेली असताना आपण ती काढली तर अर्थाचा अनर्थ होईल. 'लॉर्ड' तसंच ठेवा.

तिसरा प्रतिसाद : टिपणात बायकांची नावंही यावीत. कॅलिप्सो रोझ यांनी 1978 साली मुख्य स्पर्धा जिंकली. तोवर किताब होता 'कॅलिप्सो किंग'. त्यांच्यामुळे तो 'कॅलिप्सो मोनार्क' झाला. मराठीत मात्र इथे अडतं. राजा म्हटलं की पुरुष, राणी म्हटलं की राजाची बायको. 'सम्राट'ही पुल्लिंगीच. मी तरी 'मोनार्क' देवनागरीत लिहून मोकळी होते.

दुसरा प्रतिसाद (पुन्हा) : बरोबर, आणि हा मात्र खरोखरच किताब, कारण तो जिंकून मिळतो.

पहिल्याचं उत्तर : मग माझा सल्ला असा. पहिल्या उल्लेखात 'सोब्रिके, म्हणजे गायकाने मिरवायचं नाव' असं लिहा, पुढे 'बिरुद' वापरा. क्रियापद तुम्ही प्रश्नातच नेमकं वापरलं आहे: नाव लावणं. 'रॉबर्ट्स यांनी किचनर हे नाव लावलं.' बापाचं नाव लावतात तसं. 'घेतलं' किंवा 'धारण केलं' यापेक्षा ते अंगाला जास्त चिकटतं.