मालकी रान: काजूसाठी साफ करावं की झाडं राखून मिरी-कोकम?

घाटपायथा:
दोडामार्ग तालुक्यात उताराचं दोन एकर मालकी रान आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, दोन जुने फणस. वरच्या अंगाला मोकळा कातळ. खालच्या पऱ्ह्याला (ओढ्याला) फेब्रुवारीपर्यंत पाणी असतं, नंतर बावडीवरून आणावं लागतं. आजूबाजूला रबर नाहीतर काजूसाठी सगळं साफ झालंय. झाडं न तोडता काही उत्पन्न घेता येईल का? ऐनावर मिरी चढते का?

मिरवेल:
चढते. ऐनाची साल जाड, भेगाळ. वेलीची मुळं पक्की धरतात. फणस त्याहून बरा, कारण वर्षभर पानं. ऐनाची खोड एवढीच, की सावली सर्वांत जास्त हवी तेव्हाच, उन्हाळ्यात, तो पानं गाळून उघडा पडतो आणि कोवळ्या वेली करपतात. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळाभर झावळ्यांचा आडोसा आणि पाणी. जेवढ्या वेलींना मेअखेरपर्यंत पाणी पोहोचेल तेवढ्याच लावा, सुरुवात फणस आणि पऱ्ह्याजवळच्या झाडांपासून.

जून-जुलैत खोडापासून फूटभर लांब, उत्तर किंवा ईशान्य बाजूला, दीड फुटाचा खड्डा. झाडामागे मुळं फुटलेली दोन रोपं. नर्सरीवाला पन्नियूर-१ ही मिरीची जात पुढे करेल, पण दाट सावलीत तिला घोस कमी लागतात. करीमुंडा किंवा पन्नियूर-५ मागा. पावसाआधी आधाराच्या झाडाच्या फक्त खालच्या फांद्या छाटा, शेंड्याला हात नको. दुपारी जमिनीवर कवडसे पडले की सावली पुरेशी. वेल १५-२० फुटांवर रोखा, नाहीतर तोडणीला शिडी पुरत नाही.

वेली मरतात त्या बहुधा जलद मर रोगाने, बुंध्याशी पाणी साचलं की. आळं करू नका, उलट माती चढवा. पावसाच्या तोंडावर आणि पुन्हा ऑगस्टमध्ये उघडीप बघून १ टक्का बोर्डो मिश्रण (बुरशीनाशक) फवारा: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. लोखंडी कोयता बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

सड्यावरचा:
रोपं आणण्याआधी सातबारा काढा. इतर हक्कांत खाजगी वनाचा शेरा असेल तर आधी वनखात्याशी बोला. आणि ऐन, किंजळ, जांभूळ, फणस ही सगळी १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, 'साफ करू' म्हणणारा ठेकेदार हे सांगत नाही.

काजू हवाच तर कातळाच्या कडेला, जिथे माती आहे तिथे. वेंगुर्ला-४ किंवा ७ ची कलमं, ७ मीटरवर. झाडांच्या सावलीत काजू नुसता उंच जातो, मोहोर येत नाही.

वणव्यासाठी डिसेंबरअखेर हद्दीवर दहा फुटांचा पट्टा गवत कापून मोकळा करा. निघालेला पाला पेटवू नका, आत ओढून वेलींच्या बुंध्याभोवती पसरा. राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला) कवळ, म्हणजे झाडांच्या फांद्या, तोडणाऱ्यांना वेलीची झाडं आधीच दाखवून ठेवा.

घाटपायथा:
रानात कोकमाची रोपं आपोआप उगवलीत. तीच राखली तर?

मिरवेल:
राखा, पण त्यांच्यावर हिशोब मांडू नका. साधारण निम्मी नर निघतात आणि फुलं येईपर्यंत कळत नाही, त्यात सात-आठ वर्षं जातात. त्यापेक्षा त्याच रोपांवर जागच्या जागी मादी झाडाच्या काडीचं मृदकाष्ठ कलम (कोवळ्या खोडावर करतात ते) बांधा. काडी सरळ वाढणाऱ्या शेंड्याचीच घ्या. आडव्या फांदीची घेतली तर झाड उंच न होता पसरतं. विकतची कलमं घ्यायची तर दापोली कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता'. तिची फळं बरीचशी पावसाआधी हाती येतात. उशिरा पिकणाऱ्या झाडांची फळं पावसात सडतात, आमसुलं वाळत नाहीत. परागीकरणासाठी दोन-चार नर झाडं तशीच ठेवा.

सड्यावरचा:
जुनी, ढोली असलेली झाडं 'वाळकं' म्हणून काढू नका, तिथे धनेश पक्षी घरटं करतो. त्यांच्यावर मिरीही नको. मिरीची तोडणी लांबून फेब्रुवारी-मार्चपर्यंत जाते, आणि तेव्हाच धनेशाची मादी ढोलीत बसलेली असते.