मदत हवी आहे: व्हाळावरच्या पंपांचं पाणी ‘विकत घेऊन’ प्रवाह राखता येईल का?

कोंडकाठ
सिंधुदुर्गात गडनदीला मिळणारा एक व्हाळ (ओढा). दीड किलोमीटरच्या पट्ट्यात 9 पंप, सगळे 3 एचपीचे. काठावर पोफळी-माडाच्या बागा आहेत, तिघांचा उन्हाळी भुईमूग आणि थोडं कलिंगड. मार्च सरता सरता दुपारी व्हाळ तुटतो. मग दोन कोंडी (डोह) तेवढ्या उरतात आणि त्यातली मरळ-शिंगटी तडफडते. खालच्या अंगाला नळपाणी योजनेची विहीर आहे, तिची पातळीही खाली जाते.

ऑस्ट्रेलियात सरकार शेतकऱ्यांकडून सिंचनाचे हक्क विकत घेऊन ते पाणी नदीत सोडतं, असं वाचलं. आपल्याकडे ग्रामपंचायतीला किंवा एखाद्या संस्थेला हे करता येईल का? करार कशाचा करायचा, आणि दर कशावर ठरवायचा?

पाटकरी
आधी तिकडचं नीट समजून घ्या, कारण त्यातला अर्धाच भाग इकडे लागू पडतो.

मरे-डार्लिंग खोऱ्यात पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा काढलेला आहे. तो सातबाऱ्याला चिकटलेला नाही, शेअरसारखा स्वतंत्र विकता येतो. 1995 मध्ये खोऱ्यातल्या उपशावर मर्यादा घातली, म्हणजे नवीन हक्क वाटणं थांबलं. 2007 चा जल कायदा, 2008 पासून सरकारी खरेदी आणि 2012 चा खोरे आराखडा हे सगळं त्यानंतरचं. आराखड्यातलं नदीसाठी परत मिळवायच्या पाण्याचं मूळ उद्दिष्ट वर्षाला 2,750 गिगालिटर होतं, म्हणजे सुमारे 97 टीएमसी. कोयनेचं अख्खं धरण 105 टीएमसीचं, यावरून अंदाज घ्या. घेतलेले हक्क रद्द होत नाहीत. केंद्र सरकारचा पर्यावरणीय जलधारक (नदीच्या वाट्याचं पाणी सांभाळणारा अधिकारी) ते धरून ठेवतो आणि इतर हक्कदारांसारखंच धरणातून आपल्या वाट्याचं पाणी मागवतो.

तुमच्या व्हाळावर यातलं काय आहे? मर्यादा नाही, मीटर नाही, विकता येईल असा हक्क नाही. उपशाची परवानगी असलीच तरी ती वापराची परवानगी आहे, मालकी नव्हे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2005 च्या कायद्यात पाण्याचा हक्क हस्तांतरित करण्याची, विकण्याची सोय आहे, पण ती वर्षापुरती किंवा हंगामापुरती. शिवाय जिथे प्रकल्पाचं पाणी मोजून पाणीवापर संस्थांना हक्क ठरवून दिलेत, तिथेच तिला अर्थ. व्हाळावरच्या सुट्या पंपांना ती लागू करायला जाऊ नका.

वायंगणी
पंप बंद ठेवूचे पैसे गावतले तर माझो पण लिवून घेवा. तो गेली चार वर्सा बंदच आसा.

पाटकरी
वायंगणीभाऊ, हसण्यावारी नेऊ नका. तिकडे हीच मोठी डोकेदुखी झाली होती. वर्षानुवर्षं न वापरलेल्या परवान्यांना ‘झोपलेले परवाने’ म्हणतात. व्यवहार सुरू होऊन त्यांना भाव आला तसे ते जागे झाले. असा हक्क विकत घेतला की कागदावर पाणी वाचतं, नदीत मात्र थेंब वाढत नाही.

दुसरी अडचण खालच्या पंपांची. वरच्यांना पैसे देऊन सोडलेलं पाणी खालच्याने उपसलं तर काय? डार्लिंगच्या वरच्या भागात नेमकं हे चाललं होतं, आणि 2017 मध्ये त्यावर मोठा गदारोळ झाला. तेव्हा करार करायचाच तर सगळ्यात खालच्या पंपापासून वर या, किंवा सगळ्यांशी एकदम करा.

गेजरीडर
पैशांचं नंतर बघू. व्हाळात पाणी किती आहे ते आधी मोजा. सकाळी पंप सुरू व्हायच्या आत, वरच्या पंपाच्याही वर, सरळ वाहणारा 5 मीटरचा तुकडा निवडा. रुंदी मोजा, पाच-सहा ठिकाणची खोली घेऊन सरासरी काढा. सुपारी टाकून 5 मीटर जायला किती सेकंद लागतात ते दहा वेळा बघा. (सुकी पानं वापरू नका, वाऱ्याने पळतात.) वेग × रुंदी × खोली × 0.8. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात जातं म्हणून 0.8.

कोंडकाठ
मोजलं. रुंदी 2.4 मीटर, सरासरी खोली 12 सेंमी, वेळ सरासरी 28 सेकंद. वीज येते तेव्हा सगळे पंप एकदम सुरू होतात आणि साधारण 6 तास चालतात. पंपांवर एकूण चढ 15 मीटर धरा.

गेजरीडर
म्हणजे सेकंदाला 41 लिटर. 3 एचपीचा पंप 15 मीटर चढावर, कार्यक्षमता निम्मी धरली तर सेकंदाला साडेसात लिटर उपसतो. नऊ एकदम चालले की 68. व्हाळात 41 आणि ओढ 68, तुटणारच.

पण दिवसाचा हिशेब मांडून बघा. व्हाळातून चोवीस तासांत 3,500 घनमीटर जातं. नऊ पंप सहा तासांत उपसतात 1,475 च्या आसपास, म्हणजे 42 टक्के. पाणी कमी नाही, वेळ एक आहे. विकत घ्यायच्या आधी पाळी लावा.

पोफळबाग
आणि सहा तास पंप लागतो कोणाला? पोफळीला मार्च ते मे दर 3 ते 5 दिवसांनी झाडामागे 175 लिटर ही शिफारस. 20 गुंठ्यांत 2.7 मीटर अंतराने साधारण 275 झाडं, म्हणजे एका शिपण्याला 48 घनमीटर. या पंपाने पावणेदोन तासांचं काम. बाकी चार तास पाटातून पाणी वाहत राहतं ते निव्वळ पंप बंद करायला कोणी जात नाही म्हणून. नऊ जणांच्या तीन पाळ्या करा, प्रत्येकाला तिसऱ्या दिवशी दोन तास, एका वेळी एकच पंप. व्हाळात 33 लिटर राहतील.

ठिबकने सगळं सुटेल असं मात्र कोणी सांगितलं तर सावध राहा. वाचलेल्या पाण्यावर शेजारच्या वरकसात (पडीक, हलक्या जमिनीत) नवीन बाग उभी राहते आणि व्हाळ होता तिथेच.

वाशिष्ठीकाठ
आमची वाशिष्ठी मे महिन्यातही वाहते, तुमच्याकडेच का नाही?

पाटकरी
कारण तुमच्याकडे कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी (अवजल) येतं. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला दिलेलं 67.5 टीएमसी. ते सोडून बोला.

कोंडकाठ
पाळीचं जमेल असं दिसतं. पण मे महिन्यात व्हाळ आपसूकच 10 लिटरवर येतो. तेव्हा?

पाटकरी
तेव्हासाठी मोबदला. पण कायमची खरेदी नको, हंगामी करार. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये 1987 पासून नदीत सोडलेल्या पाण्याला कायदेशीर हक्काचा दर्जा आहे. तिथे अर्ध्या हंगामाचेही करार होतात: सुरुवातीला शिंपा, उत्तरार्धात पाणी नदीला द्या. तुमच्याकडे हेच बसेल.

पैसे कोणाला, हे महत्त्वाचं. पोफळीला मे महिनाभर पाणी तोडलं तर बाग जाईल, त्याची भरपाई कोणालाच परवडणार नाही. ऑस्ट्रेलियातही बदामाच्या बागा खात्रीच्या हक्कावर चालतात. भात-कापूसवाले कमी खात्रीच्या हक्कावर, म्हणजे कमी पाण्याच्या वर्षी त्यांनी पेरायचं नाही. तसं तुम्ही भुईमूगवाल्या तिघांशी बोला. आणि बोलणी डिसेंबरच्या आत उरका. जानेवारीत पेरा झाला की तुम्ही उभं पीक विकत घेताय, दर तिप्पट लागेल. दर ठरवताना पंपाची एचपी धरू नका, मागच्या तीन हंगामांत प्रत्यक्ष पेरलेलं क्षेत्र धरा. वायंगणीभाऊंचा पंप तिथेच यादीतून गळतो.

ग्रामपंचायतीच्या निधीतून व्यक्तीला ‘पंप न चालवल्याबद्दल’ पैसे दिले तर लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला. देवस्थान, नाहीतर संस्थेचा पैसा बरा. पंचायतीने नळपाणी विहिरीची बाजू धरावी. 2009 च्या भूजल कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या स्रोताच्या प्रभावक्षेत्रातला उपसा रोखण्याची तरतूद आहे. ती हाताशी असली की काठाला लागून नवीन विहिरी खोदून कराराला वळसा घालणाऱ्यांना बोलता येतं.

गेजरीडर
करारात तारीख लिहू नका, पातळी लिहा. कोंडीच्या तोंडाशी कातळावर ऑइलपेंटने रेघ मारा. पाणी रेघेखाली गेलं की पंप बंद. वळवाचा पाऊस लवकर आला तर पैसे वाचतील, नाही आला तर वादही होणार नाही.

आणि एक राहिलं. वनराई बंधारा घालता ना?

कोंडकाठ
हो, दोन. नोव्हेंबरमध्ये सिमेंटच्या पिशव्यांचे.

गेजरीडर
मग पहिला गुन्हेगार तोच, खाली जाणारं पाणी तोच अडवतो. प्रत्येक बंधाऱ्याच्या बुडाशी, तळाला टेकून, 110 मिमीचा पीव्हीसी पाइप आरपार ठेवा. वर दोन फूट पाणी असलं की सेकंदाला 15 लिटर सहज जातील. मे महिन्यात पातळी उतरते तसा विसर्गही आपोआप कमी होतो. पाइपचं तोंड आत फूटभर पुढे काढा आणि त्याला कोंबडीची जाळी टोपलीसारखी फुगवून बांधा. सपाट बांधलीत तर आठवड्यात पानांनी बुजते.