रात्री कोण उठतं?

डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) आजारपणात आता मुलगेही आईवडिलांचं बरोबरीने करतात, असं म्हणतात. करतात, आमच्या दादानेही आईचं केलं. न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट, एमआरआय, औषधांचा खर्च, सगळं त्याने बघितलं. पण ही कामं होऊन जातात. वहिनीच्या वाट्याला आलं ते न संपणारं.

दिवेलागणीला आई पिशवी घेऊन दाराशी उभी राहायची, "मला घरी जायचंय." वहिनी गॅस बंद करून तिला खाली न्यायची, सोसायटीला एक चक्कर मारून "आलं हं घर" म्हणत परत आणायची. रात्री दोनला ओली चादर बदलायची. बांगड्या तांदळाच्या डब्यात सापडल्या तरी चोरीचा आळ तिच्यावरच! दादा घरी आला की आई अगदी नीट बोलायची, त्यामुळे त्याला वाटायचं, एवढं काही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते डिमेन्शियाच्या रुग्णांना मिळणाऱ्या देखभालीच्या तासांपैकी ७० टक्के तास बायका देतात. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणातही बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २९९ मिनिटं जात होती, ते करणाऱ्या पुरुषांची ९७. ही तर आजारपण नसलेल्या घरांचीही गोष्ट.

वहिनीने नोकरी सोडली. दादाने सोडावी, निदान रजा घ्यावी, असं कुणी सुचवलंसुद्धा नाही. मीही नाही, आणि मी तर पोटची मुलगी.

ज्यांच्या घरी हे आत्ता चालू आहे त्यांनी पैशांआधी रात्री वाटून घ्या, एकाआड एक.