लांडगा दिसला की मारायलाच हवा का?

टेकडीकर (कोथरूड):
काल रात्री पुन्हा 'स्कायरिम' हा व्हिडिओ गेम उघडला. त्यातल्या व्हाइटरन शहराच्या वाटेवर लांडगे अंगावर आले, मारले. थोडं पुढे गेलो तर आणखी आले. २०११ चा गेम, कितीदा खेळलोय. पण आता हात उचलवत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये इथे महात्मा सोसायटीत गवा आला होता. वाट चुकलेलं जनावर, मागे ही गर्दी. धावून धावून दमलं, पकडलं आणि मेलं. त्याला फक्त बाहेर पडायला वाट हवी होती. गेममध्ये अशी वाट देण्याची सोय का नसावी? स्कायरिममधलेच राक्षस आणि त्यांचे मॅमथ (केसाळ हत्ती) बघा. लांबून गेलात तर तुमच्या वाटेला जात नाहीत. जवळ गेलात तर राक्षस आधी दम देतो. लांडग्यालाही आधी गुरगुरू द्या, मला मागे सरकू द्या.

सिंहगडरोडवाला:
गव्याचं मलाही फार वाईट वाटलं. पण सोय आहे की! 'काइन्स पीस' ही गेममधली जादूची आरोळी शिका, जनावरं शांत होतात. जंगलात जिवाची भीतीच नसेल तर ते जंगल कसलं? रात्री गावाबाहेर पडताना छातीत धडधडतं ते लांडग्यांमुळेच. सुरुवातीला चार पैसे हाती येतात तेही कातडी विकूनच.

टेकडीकर:
त्या आरोळीचे तीन शब्द, आणि दर शब्दाला एका ड्रॅगनचा आत्मा लागतो. म्हणजे लांडगा वाचवायचा तर आधी ड्रॅगन मारा. इल्यूजन या जादूच्या प्रकारातला शांत करणारा साधा मंत्र ३० सेकंद टिकतो, तोही नवव्या लेव्हलपर्यंतच्या जिवांवर. पळावं म्हटलं तर लांडगा गाठतोच.

ओतूरची:
सिंहगडरोडवाले, भीती वाटायला लढाई लागत नाही. आमच्या जुन्नर तालुक्यात उसात बिबट्या असतो. रात्री पाणी धरायला जाणारा माणूस मोबाइलवर गाणी लावून, मोठ्याने बोलत जातो. बिबट्याला चाहूल लागावी आणि त्याने बाजूला व्हावं, एवढ्यासाठी. छातीत धडधडायचं ते धडधडतंच. 'बाल्डर्स गेट ३' या गेममध्ये (२०२३) गुहेतली आउलबेअर (घुबडाच्या तोंडाची अस्वल) पिल्लासाठी उभी ठाकते, तेव्हा हळूच मागे सरकता येतं. तो क्षण मला कुठल्याही लढाईपेक्षा जास्त आठवतो.

सिंहगडरोडवाला:
तो प्रसंग सुंदर आहे, मान्य. पण तो एकदाच येतो, हाताने रचलेला आहे. मोकळ्या जगात शंभरावा लांडगा गुरगुरला आणि शंभराव्यांदा मी मागे सरकलो, तर त्याचाही कंटाळाच येणार.

टेकडीकर:
मग सगळे लांडगे एकसारखे वागायला नकोत. पोट भरलेला निघून जाईल, पिल्लांजवळची मादी फक्त दात दाखवेल.

सिंहगडरोडवाला:
पिल्लांजवळची मादी चालेल. भुकेल्या टोळीने मात्र पाठलाग केलाच पाहिजे, आणि तिथे मला तलवार हवी.