वजनकाट्यापेक्षा आधी पायांकडे बघा

"ॲडमिट असताना आठ किलो उतरले, बरंच झालं" असं तुम्ही लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. पडून राहिल्यावर उतरलेल्या वजनात स्नायूही बरेच जातात, मांड्या तर लगेच वाळतात, आणि मग हालचाल न करता नुसतं खाल्लं की परत येते ती बहुतेक चरबीच. मला डिस्चार्जनंतर हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठताच यायचं नाही, गुडघे लटलट कापायचे. फिजिओने सांगितलं तशी दिवसातून तीनदा पाच-पाच वेळा उठबस, मग घरातल्या घरात चालणं, बोलताना धाप लागली की थांबायचं. प्रोटीन दर किलो वजनामागे रोज १.२ ग्रॅम तरी घ्या म्हणाले होते, पण किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचाराच. आणि वजन कमी करायचं डाएट आत्ता अजिबात नको हो.